तीन नंबरचा बावटा

गेल्या वर्षी मृग लागायच्या आदल्या दिवशी मी स्कूटरवरून पडले. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हताच. शाळा सुरू व्हायला आठवडा होता, दाखल्यांच्या कामासाठी गेले होते आणि दुपारी बारा-साडेबाराला घरी निघाले. ढग खाली आले होते, वारा पडला होता. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, रत्नागिरीजवळच्या भाट्याकडे उतरताना शिंतोडे सुरू झाले. रेनकोट काढायला थांबावं इतकेही ते नव्हते. त्या उतारावर एक वळण आहे. आतल्या बाजूला हापूसच्या बागेचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, त्यामुळे समोरून येणारी गाडी अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. पंधरा वर्षं मी त्या वळणावरून ये-जा करते आहे. नेहमीसारखा हॉर्न दिला, नेहमीसारखा किंचित ब्रेक दाबला, आणि शेवाळावरून पाय सरकावा तसं पुढचं चाक सरकलं.

स्कूटर एकीकडे, मी एकीकडे. हेल्मेट डांबरावर घासल्याचा आवाज आधी ऐकू आला, मनगटातली कळ मागाहून आली.

फाट्यावर सहा आसनी रिक्षा उभ्या असतात. तिथून दोघे धावत आले. पावसाळ्याच्या बेगमीची लाकडं डोक्यावर घेऊन एक बाई चालली होती, तिने मोळी गडग्यावर टाकली आणि मला पाठीमागून धरलं. दोघांपैकी एकजण म्हणाला, "हात लावू नको रे, पोलीस केस झाली तर फेऱ्या मारायला लागतील." दुसऱ्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाईंनी माझ्या पोराला शिकवलान," एवढंच म्हणाला आणि मला उचलून रिक्षात बसवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, सकाळपासून तुम्ही तिसऱ्या."

रिक्षा सुरू करण्याआधी तो पुन्हा खाली उतरला. कोयतीने गडग्यावरच्या झुडपाचा एक मोठा टहाळा तोडला आणि वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला दोन दगडांत उभा रोवला. मला तेव्हा हात छातीशी धरून बसण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. तरी तो हिरवा टहाळा माझ्या डोळ्यांत राहिला.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. रिक्षावाल्याने भाड्याचे पैसे घेतले नाहीत.

त्याच्या सोबत्याची भीती खोटी नव्हती. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यालाच प्रश्नांच्या फैरीत अडकवायचं, हे या देशात वर्षानुवर्षं चाललं. पण आता कायदा तसा नाही. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या नियमांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे मी आता दर वर्षी दहावीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगते, अभ्यासक्रमात नसलं तरी. आमच्याकडच्या रस्त्यांवर रुग्णवाहिका येईपर्यंत माणूस तिथल्याच माणसांच्या हातात असतो.

जुलैत, हात गळ्यात अडकवलेला असताना, वर्तमानपत्रात बातमी वाचली: गेल्या वर्षीच्या जूनपेक्षा या जूनमध्ये अपघात घटले. मी ती दोनदा वाचली. त्यात मी नव्हते. त्या सकाळी माझ्याआधी पडलेले दोघेही नव्हते. कोणी तक्रार दिली नाही, कोणी मेलं नाही, कोणाची गाडी कोणाला धडकली नाही. रस्त्याने तिघांना पाडलं आणि रस्त्याच्या नावावर काहीच चढलं नाही.

मी गणित शिकवते, म्हणून त्या बातमीतली दुसरी गोष्टही मला टोचली. नाणं दहा वेळा उडवलं आणि सहा काटे पडले तर आपण नाणं बिघडलं म्हणत नाही. लहान शहराचे महिन्याचे आकडे असेच असतात. एका महिन्यात दोन, पुढच्यात पाच, त्याच्या पुढच्यात एक. त्यातून 'वाढले', 'घटले' काढणं म्हणजे नाण्याच्या मनात काय आहे ते ओळखायला जाणं. आणि कधी एकच रात्र सगळं वर्ष गिळून टाकते. १९ मार्च २०१३ ला खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून गोव्याहून मुंबईला जाणारी खासगी बस खाली कोसळली आणि ३७ माणसं गेली. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला निघाले होते. त्यांची बस आंबेनळी घाटात दरीत गेली आणि एकाला सोडून कोणी परतलं नाही. दापोलीत माझी मावसबहीण राहते. त्या दिवशी गावात कोणत्या घरी आधी जावं हेच लोकांना कळत नव्हतं, असं ती सांगते. अशा महिन्याची तुलना पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करून 'घट' म्हणायचं?

मोठ्या आकड्यांचं तसं नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रातली. म्हणजे देशात रोज साडेचारशेच्या वर आणि आपल्या राज्यात रोज चाळीसच्या वर. दर शंभरातले चव्वेचाळीस दुचाकीवरचे. हे आकडे गावाच्या आकड्यांसारखे डुलत नाहीत. पण त्यांचा माझ्या उतारावरच्या वळणाला काही उपयोग नाही. देशाचा आकडा फार मोठा आणि गावाचा फार छोटा, मग माझ्यासारखीने बघायचं कशाकडे?

उत्तर मला गॅरेजमध्ये मिळालं.

स्कूटर आणायला गेले तेव्हा गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला गॅरेजवाला दुचाक्या करतो, दुसऱ्या बाजूला त्याचा भाऊ डेंटिंग-पेंटिंग करतो. माझं हँडल सरळ करून झालं होतं, आरसा बदलायचा राहिला होता. म्हणून बसले. तो हातातलं काम न थांबवता बोलत होता. "बाई, मोडलेला भाग बघितला का माणूस कसा पडला ते कळतं. जून म्हणजे हँडल, आरसा, फूटरेस्ट, ब्रेकची लिव्हर. कोणाला धडकत नाय, सरकतो आणि आडवा होतो. गणपती म्हणजे बंपर, हेडलाइट, रेडिएटर. मुंबईच्या गाड्या, भावाकडे जागा उरत नाय. एप्रिल-मे म्हणजे आंब्याच्या पिकअप. डायवरला झोप लागते, गाडी गटारात."

मी त्याला विचारलं, हे कुठे लिहून ठेवतोस का? तो हसला. त्याला लिहायची गरज नव्हती. कोणत्या महिन्यात कोणते सुटे भाग मागवायचे हे त्याला ठाऊक असतं, आणि तो ते आधीच मागवून ठेवतो.

आधीच. या शब्दापाशी मी अडकले. त्या दिवसापासून आमच्या महिन्यांकडे मी त्याच्या नजरेने बघते.

जूनचं बघा. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रस्त्यावर तेलाचे थेंब पडत राहतात, टायरांचं झिजलेलं रबर साचतं, त्यावर जांभ्याची लाल धूळ बसते. मुसळधार पाऊस आला तर तो हे सगळं तासाभरात धुऊन नेतो. पण शिंतोडा आला तर त्याचा साबण होतो. लोक धो धो पावसात जपून चालवतात आणि शिंतोड्यात बेफिकीर असतात, खरा घात शिंतोड्यात असतो. त्यात आमच्याकडे मे अखेरपर्यंत कोणी ना कोणी बागेचा रस्ता खणत असतं, चिरेखाणीतून डंपर येत असतात, आणि पहिल्या पावसाला ती माती उतरून नेमकी वळणावर येते. माझ्या वळणावर तेच झालं होतं. नंतर मी तिथे जाऊन उभी राहिले. गडग्यामुळे पुढचं दिसतं ते जेमतेम तीस पावलं, म्हणजे वीसेक मीटर. ताशी ६० ने येणारा माणूस सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जातो. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. ब्रेक लागायच्या आधीच तो २५ मीटर पुढे आलेला असतो. म्हणजे जे दिसतं तेवढं अंतर संपूनही गेलं. हे गणित मी फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा गप्प झाली. त्यातले निम्मे क्लासला दुचाकीवर जातात.

त्यांच्या आईवडिलांशी मी भांडते. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, हे त्यांना सांगते. ते म्हणतात, "बाई, एसटी वेळेवर नसते, मग पोर क्लासला जाणार कसं?" त्यांचं हे म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच माझ्या भांडणाला पुढे जोर राहत नाही. जिथे गाडी वेळेवर येत नाही तिथे पंधरा वर्षांचं पोर स्कूटर चालवणारच. पण मग निदान हेल्मेट डोक्यावर असू दे. कोपरात अडकवलेलं हेल्मेट कोपरालाही वाचवत नाही. माझ्या हेल्मेटच्या उजव्या बाजूला हनुवटीजवळ जो ओरखडा आहे, तो मी मुलांना हात लावून बघायला देते. डांबराने केवढा भाग खरवडून नेला आहे ते बोटाला कळतं.

श्रावणात गुरं. पावसाळ्यात शेतं चिखलाची, गोठे ओले, आणि डांबराचा रस्ता त्यातल्या त्यात कोरडा आणि उबदार, शिवाय वाऱ्यामुळे माशा कमी. म्हणून रात्री गुरं रस्त्यावर येऊन बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर पावसात दिसत नाही. मुक्या जिवाचा त्यात काय दोष?

नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी जोरात सुरू होते आणि मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराकडून निघणाऱ्या गाड्यांतून बर्फाचं, मासळीचं पाणी रस्त्यावर सांडू लागतं. ते वाळलं तरी तेलकट राहतं आणि त्यावर दुचाकी घसरते. गाडीखाली ते पाणी धरणारी टाकी असली की प्रश्न मिटतो. एवढी छोटी गोष्ट आहे.

आणि गणपती. या दिवसांवर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण आमच्या घरीही मुंबईहून दीर-जावा, पुतणे येतात. दिवसभर कामावर जाऊन संध्याकाळी गाडी काढायची, रात्रभर चालवायची, पहाटे घरी पोचून आंघोळ करून मूर्ती आणायला जायचं, ही चाकरमान्यांची रीत. त्यात प्रेम आहे, ओढ आहे, मी ती कमी लेखत नाही. पण मुंबई-गोवा महामार्ग, आधीचा १७ आणि आताचा ६६, दहा वर्षांहून जास्त काळ रुंद होतो आहे. गेल्या वर्षी जिथे डावीकडून वळसा होता तिथे यंदा पूल आहे, जिथे सरळ रस्ता होता तिथे यंदा ढिगारा आहे. येणारा माणूस गेल्या वर्षीच्या आठवणीवर गाडी चालवतो. झोपेत असलेल्या डोळ्यांना तर आठवणच दिसते. हातखंब्याचा उतार आम्हाला ठाऊक आहे, तिथे ट्रक-टँकर उलटल्याचं आम्ही अनेकदा पाहिलं आहे. पण वर्षातून एकदा येणाऱ्याला तो कोण सांगणार? तोवर रस्त्याच्या कडेचं गवत पुरुषभर वाढलेलं असतं. जूनमध्ये जे वळण मोकळं दिसत होतं ते भाद्रपदात आंधळं होतं. गवत कापायला दोन माणसं आणि एक दिवस लागतो. ते कापतात नवरात्राच्या सुमाराला, गणपती गेल्यावर.

माझ्या पुतण्याला मी स्पष्ट सांगते, रात्री निघू नको. मूर्ती तुझे काका आणतील, तू दुपारी पोचलास तरी बाप्पा रागावत नाही. गेली दोन वर्षं तो पहाटे निघतो.

शिमग्यात पालख्या रस्त्यावर, रात्री नाच, आणि काहींच्या पोटात दारू. एप्रिल-मेमध्ये आंबा: संध्याकाळी पेट्या भरून पिकअप निघते, तीनशेच्या वर किलोमीटर कापून पहाटेच्या बाजाराला वाशीत पोचायचं, आणि माल उतरवून तोच ड्रायव्हर परत. हंगाम दोन महिन्यांचा, त्यामुळे गाडी एक दिवसही उभी ठेवायची नसते. बागायतदार आंब्याची अढी किती काळजीने घालतो, एकेक फळ हाताने लावतो. ते फळ नेणारा माणूस किती तास झोपला, हे कोणी विचारत नाही.

आता सांगा, यातला कोणता धोका अचानक आला? सगळे तारीख सांगून येतात. पंचांगात छापलेले असतात. आणि हे किनाऱ्यावरच्या माणसांना मी कशाला शिकवायचं? समुद्राच्या बाबतीत आपण हेच तर पिढ्यानपिढ्या करत आलो. १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, जाळी विणत बसायचं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा, मग पाण्यात उतरायचं. एरवीही हवा बिघडली की बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. तो दिसला की कोणी खलाशी 'गेल्या महिन्यात किती बुडाले, त्याच्या आधी किती' असा हिशेब करत बसत नाही. बावटा म्हणजे होडी किनाऱ्याला. समुद्राला आपण महिने मानतो. रस्त्याला मानत नाही.

रस्त्याला मानतो तो एकच प्रसंग मला आठवतो: गणपतीच्या दिवसांत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते, जागोजागी चहापाण्याची मदत केंद्रं उभी राहतात. म्हणजे ठरवलं तर जमतं. मग जूनसाठी का नाही? रस्ता सुरक्षा महिना आपल्याकडे जानेवारीत साजरा होतो. देशाच्या उत्तरेला तेव्हा धुकं असतं, तिथे तो महिना योग्य असेल. आमच्या जानेवारीत आकाश निरभ्र, रस्ता कोरडा, आंब्याला मोहोर. शाळेत चित्रकला स्पर्धा होते, फेरी निघते, मुलं घोषणा देतात, मीही त्यांच्याबरोबर चालते. पण कोकणातली ती फेरी मेच्या शेवटच्या आठवड्यात निघायला हवी, आणि घोषणांच्या आधी हातात झाडू-फावडी हवीत. वळणांवरची माती उचलायची, पऱ्हे, म्हणजे छोटे ओढे, आणि गटारं मोकळी करायची, गतिरोधकांवरचे पुसलेले पांढरे पट्टे रंगवायचे, आपापल्या टायरच्या खाचा बघायच्या. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात गवत. मार्च अखेरीला आंब्याच्या ड्रायव्हरांना बोलावून बसायचं. कोकणाच्या रस्त्याचं वेळापत्रक कोकणाच्या पंचांगातून निघायला हवं.

सरकारी व्याख्येत अपघातप्रवण ठिकाण म्हणजे 'ब्लॅक स्पॉट'. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसं मेली. ही व्याख्या वाचून मला रडू आलं होतं. पैसे कुठे आधी खर्च करायचे हे ठरवायला काहीतरी रेघ ओढावी लागते, ते कळतं. तरी मनात येतंच, की माझ्या वळणाला नाव मिळायला अजून किती जण जायला हवेत? २०२१ पासून अपघाताची नोंद मोबाइलवरून, जागेसकट, एका देशव्यापी प्रणालीत होऊ लागली आहे. हे फार चांगलं झालं. आता त्या नोंदीत माझ्यासारखे किरकोळ पडलेलेही यायला हवेत. फाट्यावरचे रिक्षावाले, गॅरेजवाले, प्लास्टर घालणारे डॉक्टर यांना महिन्यातून एकदा कोणी विचारलं की यंदा लोक कुठे पडले, तर माणूस मरायच्या आधी जागा कळेल.

मी त्या वळणासाठी अर्ज दिला आहे. समोरचं दिसावं म्हणून बहिर्गोल आरसा, आणि बागेच्या रस्त्याच्या तोंडाशी माती अडवणारी चर. दोन्हींचा खर्च माझ्या प्लास्टरपेक्षा फार जास्त नसावा. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जातो आहे, मीही त्याच्या मागे जाते आहे.

यंदा मेच्या अखेरीस फाट्यावर गेले. तो रिक्षावाला होता, त्याचा सोबतीही होता. म्हटलं, पहिला शिंतोडा पडला की मागच्या वर्षीसारखा टहाळा रोवाल का? मी पडायची वाट बघू नका. सोबती थोडा ओशाळला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही नका सांगू. ढग आले का रोवतो."

सहा जूनला दुपारी आभाळ भरून आलं. मी सड्यावरून उतरत होते, खूप हळू, जवळजवळ पाय टेकत. शिंतोडा नुकता सुरू झाला होता. वळणाच्या अलीकडे दोन दगडांत टहाळा उभा होता, आणि त्याला कोणीतरी लाल फडकं बांधलं होतं. माझ्या मागून एक मोटारसायकल भरधाव येत होती. आवाजावरून कळत होतं. मी कडेला थांबले. त्या मुलाला फडकं दिसलं, त्याने गिअर उतरवला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश वळणातून पलीकडे गेला.